'तर ७' : बाबांच्या वह्या आणि वस्तीची गाडी

पडवी | ४ मे, रात्री १०:२०

बाबांना जाऊन परवा तीन महिने झाले. इथे अनेक वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांब होईल, सांभाळून घ्या.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. १९७८ ला लागले, २०१० ला निवृत्त झाले. दापोली तालुका, आणि त्यातली बहुतेक वर्षं एकच ड्युटी. संध्याकाळी निघायचं, दाभोळ खाडीच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावी मुक्काम करायचा, पहाटे सहाला तिथून परत. वस्तीची गाडी. ज्यांचं लहानपण कोकणात गेलं त्यांना हे समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की रस्ता जिथे संपतो त्या गावाला सकाळची पहिली गाडी मिळायची तर ती आदल्या रात्रीच तिथे जाऊन झोपायला लागते. तिच्याबरोबर ड्रायव्हर-कंडक्टरही.

पहिलीत असताना बाईंनी विचारलं होतं, तुझे बाबा घरी कधी असतात? मी म्हणाले, दिवसाआड. बाई हसल्या. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं, नळाला पाणीसुद्धा दिवसाआडच यायचं.

धाकट्या भावाचा जन्म झाला त्या रात्री बाबा मुक्कामी होते. आजोबा गेले तेव्हा मुक्कामी. मला टायफॉइड झाला आणि आईने एकटीने रात्रभर कपाळावर घड्या ठेवल्या, तेव्हाही. कॉलेजात असताना मी हे एकदा त्यांना बोलून दाखवलं, चांगलंच कडू बोलले. ते म्हणाले, "तिथेही माणसंच राहतात गो." बस, तेवढंच. मला ते उत्तर पुरलं नव्हतं आणि मी ते मनातून काढलंही नव्हतं.

परवा माळ्यावरची ट्रंक उतरवली. गणवेशाचे दोन जुने खाकी शर्ट, बिल्ला, आणि खाली तेवीस वह्या. खिशात मावतील अशा, दुकानदार दिवाळीला भेट देतात तसल्या. आत पेन्सिलीने तारीख आणि पुढे दोन-चार शब्द. हिशोब म्हणावा तर नाही, रोजनिशी म्हणावी तर नाही. मी आणि भाऊ तीन रात्री वाचत बसलो, निम्म्याहून जास्त कळलंच नाही.

सगळ्यात जास्त वेळा येतं ते 'तर ७'. कधी 'तर १०', एकदा 'तर १५'. जणू वाक्य मधेच तोडलंय. अमुक झालं तर सात? काय सात? मग 'थेंब, वडाखाली' हे दर महिन्याच्या सुरुवातीला, जवळजवळ चार वर्षं. 'पायरी ३, रंग लाल.' 'मास्तर शॉर्ट ४६. पेटीत टाकले. बोलायचं नाही.' 'सुरंगी, घरी.' 'काळा दोरा, हिरवा नाही.' आणि दर जूनच्या पहिल्या आठवड्यात न चुकता 'तंबाखू २ पुड्या'. बाबांनी जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं. ही नोंद आईला अजून वाचून दाखवलेली नाही.

आमच्या वाट्याला आले ते दिवसाआडचे बाबा. मधल्या रात्रींचे बाबा तुमच्यापैकी कुणाकडे असतील तर सांगाल का? गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

उकडा तांदूळ | ४ मे, रात्री १०:५१

बाबांना आदरांजली. तुमचं गाव माझं नव्हे, पण वस्तीची गाडी आमच्याकडेही होती, गुहागरच्या बाजूला. समोरच्या डोंगराच्या वळणावर तिचे दिवे दिसले की आजी चुलीवर आधण ठेवायची. दिवे दिसल्यापासून गाडी वाडीत यायला वीस मिनिटं, भाताला तेवढीच. आजीकडे घड्याळ नव्हतं.

चाक | ४ मे, रात्री ११:३४

ताई, मी कुंभार्ली घाटात सतरा वर्षं गाडी चालवली. तंबाखूचं मी सांगतो, आणि आईंना निर्धास्त वाचून दाखवा.

ती काचेला लावायची. आपल्याकडच्या पावसाला वायपर पुरा पडत नाही, जुन्या गाड्यांचा तर कधी चालायचा, कधी मधेच आडवा राहायचा. त्यात पुढच्या गाड्यांचा धूर आणि चिखल उडून काचेवर तेलकट थर बसतो. त्या थरावर पाणी पसरत नाही, थेंब थेंब वेगळा राहतो, आणि रात्री समोरून एक दिवा आला तरी काचेवर शंभर दिवे दिसतात. ओली तंबाखू फडक्यात बांधून काच बाहेरून चोळली की पाणी सपाट वाहून जातं, रस्ता दिसतो. मृग लागला की ड्रायव्हरच्या कप्प्यात पुडी असायचीच. खाणाऱ्याची वेगळी, काचेची वेगळी.

कोनाडा | ४ मे, रात्री ११:४०

आमचे काका ट्रकवर होते, ते बटाटा कापून चोळायचे.

चाक | ४ मे, रात्री ११:४६

बटाटाही चालतो. पण बटाटा रात्री मुक्कामाच्या गावी कुणाच्या तरी चुलीत भाजला जातो, पुडी राहते.

पडवी | ५ मे, सकाळी ८:०५

चाक, तुमचे उपकार कसे मानू. सकाळी आईला वाचून दाखवलं. आई सावकाश बोलते, एकेक शब्द गोळा करत. ती म्हणाली, "जूनमध्ये. शर्टाला. वास यायचा." म्हणजे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिला वाटायचं मुक्कामी असताना हे कधीतरी चोरून खात असतील, रात्र काढायची असते, थंडीवाऱ्यात. तिने एकदाही विचारलं नाही. शर्ट नुसता दोनदा जास्त धुवायची.

खूप वेळ हसत होती. मग रडली.

होडीवाल्याचा नातू | ५ मे, दुपारी १:१२

'तर ७' च्या काही तारखा द्याल का? नुसत्या तारखा नकोत, जुनं पंचांग किंवा कालनिर्णय असेल तर तिथीही बघा. मला एक शंका आहे.

पडवी | ५ मे, रात्री ९:३०

आईने जुनी कालनिर्णय जपून ठेवली आहेत, दुधाच्या नोंदींसाठी. भावाने चार वर्षांच्या नोंदी ताडून पाहिल्या. पौर्णिमा, अमावास्या, आणि त्यांच्यापुढचे दोन-तीन दिवस. प्रतिपदा, द्वितीया, क्वचित तृतीया. सप्तमी-अष्टमी-नवमीला एकदाही 'तर' नाही. बाबा उपासतापास करणारे नव्हते, त्यामुळे कोडं वाढलंच.

होडीवाल्याचा नातू | ५ मे, रात्री १०:१५

कोडं सुटलं. हा जर-तर मधला 'तर' नव्हे हो. तर म्हणजे होडीने खाडी ओलांडायची जागा, आणि ती होडीसुद्धा. 'तरीवर उभा आहे', 'तर चुकली' असं आमच्याकडे अजून म्हणतात. माझे आजोबा त्याच तरीवर होडी चालवायचे, तुम्ही नाव लिहिलं नाहीत तरी गाव मी पहिल्या चार ओळींतच ओळखलं होतं.

आता तिथीचं. आमच्या किनाऱ्यावर भरतीचा हिशोब तोंडी असतो. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसाला पाऊण तास पुढे. दोन भरत्या रोजच्या, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने, आणि मधे सहा तासांवर सुकती, म्हणजे ओहोटी. अगदी मिनिटाला धरून नव्हे, पण होडीला पुरतो हा हिशोब.

अष्टमीला पहाटे सहाला भरती असते, होडी थेट धक्क्याला लागते, पाय न भिजवता उतरायचं. पण पुनवेला-अवसेला भरती साडेअकरा-बाराची, म्हणजे सुकती पहाटे पाच-सहाची. आणि तेच दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी जसं जास्त चढतं तसं जास्त उतरतंही. होडी अर्ध्या खाडीत चिखलात रुतून बसते. पुढे गुडघाभर चिखलातून चालत यायचं.

गाडी सहाची. गाडी तिथी बघत नाही, समुद्र घड्याळ बघत नाही. पलीकडच्या वाडीची माणसं नेमकी त्या चार दिवसांत गाडी चुकायची. तुमचे बाबा येण्याआधी.

निळी रिबीन | ५ मे, रात्री ११:५८

मी पलीकडच्या वाडीची. हा धागा मला होडीवाल्याच्या नातवाने पाठवला आणि मी ड्युटी संपवून, कपडेही न बदलता वाचत बसले आहे.

नव्वदच्या दशकाचा शेवट, आठवी ते दहावी. आमच्या वाडीत शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर होडीने खाडी ओलांडायची आणि सहाची गाडी पकडायची. आम्ही तिघी मुली होतो. मुलींना पास फुकट होता, अहिल्याबाई होळकर योजनेचा, म्हणून तर घरून पाठवलं. पण पास असून काय उपयोग, चिखल तुडवत येईपर्यंत गाडी सुटलेली असायची. पहिल्या महिन्यात आमचे सहा दिवस बुडाले. दुसऱ्या मुलीच्या घरी म्हणाले, राहू दे आता, भातलावणीला हात होतील.

मग एका अवसेला आम्ही चिखलाने माखलेल्या, धावत वर आलो, तर गाडी उभी. इंजिन सुरू, दिवे चालू. आम्ही तशाच चढायला लागलो तर ड्रायव्हरकाका खाली उतरले. दत्ताच्या देवळापाशी विहीर आहे, तिच्या काठावर भरलेली बादली आणि तांब्या ठेवला होता. म्हणाले, "आधी पाय धुवा. गाडी पळून जात नाही."

सात मिनिटं म्हणजे ते पाय धुण्याचे हो ताई. होडी दिसली की ते मोजायचे, चिखलातून यायला किती, पाय धुवायला किती. चिखलाच्या पायांनी शाळेत गेलेलं आम्हाला लाज वाटायची, ते त्यांनी न सांगता ओळखलं होतं. मला दोन मुलगे आहेत, मी अजून त्यांना बाहेरून आले की म्हणते, आधी पाय धुवा, गाडी पळून जात नाही. त्यांना वाटतं आईची म्हण आहे.

आम्ही तिघीही दहावी झालो. मी परिचारिका आहे. जिला भातलावणीला बसवणार होते ती अंगणवाडी सेविका आहे. तिसरी कळव्याला असते, तिला आत्ताच फोन केला, ती बोलू शकली नाही.

उकडा तांदूळ | ६ मे, सकाळी ७:२०

पण मग गाडीला सात मिनिटं उशीर व्हायचा त्याचं काय?

निळी रिबीन | ६ मे, सकाळी ७:४४

वाटेतल्या स्टँडवर ड्रायव्हर-कंडक्टरना चहाला पंधरा मिनिटं असायची. त्या दिवशी काका खाली उतरायचे नाहीत. कंडक्टर पळत जाऊन खिडकीतून ग्लास आणून द्यायचे, दोन घोटांत संपवून गाडी पुढे. दापोलीला आम्ही कधी उशिरा पोचलो नाही.

वडाचा पार | ६ मे, सकाळी ९:१०

'थेंब, वडाखाली'. वडाखालचं पहिलं घर आमचं. माझ्या पणजीला काचबिंदू होता. ते थेंब फक्त दापोलीत मिळत, आणि बाटली एकदा फोडली की महिनाभरच वापरायची. माझे वडील मुंबईला गिरणीत, मनिऑर्डर यायची ती कधी दहा तारखेला, कधी वीस. बाटली मात्र एक तारखेला यायची. पैसे कधी, किती दिले, घरात कुणाला नक्की आठवत नाही. आजी म्हणायची, म्हातारीला शेवटपर्यंत अंगणातली कोंबडी दिसत होती.

कातळ | ६ मे, दुपारी ३:३०

'पायरी' मी सांगू शकतो. गावाच्या अलीकडे पऱ्या (ओढा) आहे, त्यावर फरशी, म्हणजे बुटका पूल, कठडा नसलेला. शेजारी देवीचं ठाणं आणि पऱ्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. किती पायऱ्या बुडाल्या त्यावरून फरशीवर पाणी किती हे त्यांना ठाऊक. रंग लाल म्हणजे वर सह्याद्रीकडे पाऊस कोसळतोय, माती येतेय, आत्ता पाणी कमी दिसलं तरी तासाभरात चढणार. शिवाय त्या वेळेला खालून खाडीला भरती असली तर पऱ्याच्या पाण्याला जायला वाट नाही, ते तुंबून मागे येतं.

२५ जुलै २००५ ची संध्याकाळ. मी गाडीत होतो. तिन्हीसांज, पाऊस असा की खिडकीची झडप लावूनही मांडीवर पाणी. फरशीपाशी गाडी थांबली. माझ्या डोळ्यांना पाणी जेमतेम चाकाच्या निम्म्याएवढं दिसत होतं आणि पलीकडे दीड किलोमीटरवर घर. लोक ओरडायला लागले, मीही ओरडलो. ड्रायव्हर बॅटरी घेऊन उतरले, पायऱ्यांकडे गेले, परत आले, किल्ली काढून खिशात टाकली आणि म्हणाले, "मला शिव्या घाला. गाडी जाणार नाही."

गाडी मागे घेऊन अलीकडच्या वाडीतल्या शाळेत सगळ्यांना उतरवलं. वाडीतल्या बायकांनी पेज दिली. पहाटे पऱ्याचा आवाज ऐकून मी बाहेर आलो, तर फरशीच्या जागी फक्त लाल पाणी होतं, वरून आलेलं एक आख्खं ऐनाचं झाड फिरत होतं त्यात. त्याच पावसात तिकडे महाडजवळ दासगाव-जुईला दरडी कोसळल्या, हे आम्हाला नंतर कळलं.

मी त्यांना ओरडलो होतो, त्याबद्दल बोलायचं राहून गेलं. इथे लिहितो.

पडवी | ६ मे, रात्री १०:४०

कातळ, ती नोंद सापडली. 'पायरी ५. लाल. थांबलो. २२.' माणसं मोजली होती त्यांनी. शिव्यांचा उल्लेख नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

तिकीटपेटी | ७ मे, सकाळी ११:००

नमस्कार. आजोबा सांगत आहेत, मी (नातू) टाईप करतोय. जसं बोलले तसं लिहितो.

पोरी, मी तुझ्या बापसाचा मास्तर. एसटीत कंडक्टराला मास्तर म्हणतात, शाळेतला नव्हे. एकोणीस वर्षं आमची जोडी. ड्युट्या बदलायच्या, पण आम्ही फिरून-फिरून एकाच गाडीवर यायचो, तशी खटपट करायचो. थंडीत तो बोनेटवर झोपायचा, इंजिनाची ऊब असते तोवर. मी मागच्या लांब सीटवर. वैशाखात दोघे टपावर.

तो ४६ रुपयांचा विषय. साल १९८६. रात्री देवळात कंदिलाखाली हिशोब लावला, ४६ रुपये कमी. कमी आले की पदरचे भरायचे. ४६ रुपये म्हणजे तेव्हा घरचं आठवड्याचं वाणसामान. मी चार वेळा मोजलं. हा म्हणाला, "विहिरीवर जा, तोंड धुवून ये, मग मोज." मी आलो, मोजलं, बरोबर भरलं. "डोळ्यावर झोप होती तुझ्या," असं मला सांगितलान.

तेव्हापासून मी सगळ्या नव्या पोरांना शिकवत आलो, झोप डोळ्यावर असताना पैसे मोजू नका. माझ्या मुलाला सांगितलं, या नातवाला सांगितलं. काल नातवाने तुझी ती ओळ वाचलीन आणि मी म्हटलं, परत वाच.

(आजोबा थोडा वेळ थांबले होते. पुढचं संध्याकाळी सांगितलं.)

मुक्कामाला जेवण झालं की लोक पत्रं घेऊन यायचे, मुंबईहून आलेली. तो वाचून दाखवायचा. आधी मनात वाचायचा, मग मोठ्याने. वाईट बातमी असली तर ती रात्री वाचायची नाही. सकाळी गाडी सुटायच्या आधी घरातल्या कर्त्या माणसाला बाजूला घेऊन सांगायची. रात्रभर झोपली तरी पाहिजेत माणसं, असं त्याचं होतं.

आता तुला एक सांगायचं आहे. तुझा भाऊ झाला ती रात्र. तू वर लिहिलंयस ते वाचलं. मार्च १९८७. दुपारी तुझ्या आवशीला दवाखान्यात पोचवून तो ड्युटीवर आला होता. बदली माणूस त्या दिवशी मिळेना. आणि दुसऱ्या दिवशी दहावीच्या बोर्डाचा पहिला पेपर, मराठीचा. त्या गावातली पाच पोरं बसली होती. गाडी गेली नाही तर पेपर गेला, वर्ष गेलं. गावात फोन नाही. रात्री जेवला नाही. दहा वाजता मला म्हणाला, मी चालत निघतो. एकतीस किलोमीटर. मी म्हटलं जा, सकाळचं मी बघतो. तर म्हणाला, तू गाडी चालवणार काय? मग चपला काढलान आणि जाऊन स्टिअरिंगवर बसला. रात्रभर तिथेच. मी तीनदा उठून बघितलं, डोळे उघडे. पाच पोरांतली दोन रात्री गाडीतच झोपायला आली होती, सकाळी उठायला उशीर नको म्हणून. त्यांच्या अंगावर आपली घोंगडी घातलीन.

सहाला सुटलो. अर्धा तास एक शब्द नाही. आरशात बघितलं की मला त्याचं सगळं कळायचं, त्या दिवशी मी आरशात बघितलं नाही.

पडवी | ७ मे, रात्री ११:५०

काका, तुमच्या पायावर डोकं.

भावाला फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ तो काहीच बोलला नाही, मग म्हणाला, १९८७ ची वही काढ. काढली. त्याच्या जन्मतारखेला लिहिलंय, '६.०० सुटली. ५ मुलं, मराठी पेपर. मुलगा झाला.'

इतकी वर्षं मी ते 'तिथेही माणसंच राहतात' हे वाक्य उत्तर टाळणं समजत होते.

कोनाडा | ८ मे, सकाळी १०:१५

पडवी, आगाऊपणा वाटला तर सोडून द्या. पण आई सावकाश बोलतात असं तुम्ही लिहिलंत. निवृत्तीनंतर बाबा कसे होते, हे वाचायला आवडेल. घरच्या वाट्यालाही काही आलं असेलच ना.

पडवी | ८ मे, रात्री ९:५५

आलं. भरून आलं.

२०१३ च्या पावसाळ्यात आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं पूर्ण थांबलं. डोळ्यांनी सगळं कळायचं, शब्द येत नव्हते. मी डोंबिवलीला, भाऊ पुण्याला. आम्ही म्हटलं, आईला घेऊन इकडे या. बाबा म्हणाले, तिला पडवीतून आगर दिसायला हवं.

आणि मग त्या माणसाने, ज्याने बत्तीस वर्षांत घरी चहासुद्धा केला नव्हता, सगळं शिकून घेतलं. शेजारच्या काकूंकडून आधी पेज, मग कुळथाचं पिठलं, शेवटी घावणे. घावण्याची पहिली तीन वर्षं वाईट गेली. आईची वेणी घालायला शिकले. आधी सुंभाच्या तीन पेडांवर सराव केला, तो सुंभ अजून खुंटीला आहे. खोलीपासून पडवीपर्यंत भिंतीला खांद्याएवढ्या उंचीवर दोरखंड बांधला, नायलॉनचा, होडीचा असतो तसा.

बोलण्याचं असं केलं. आईच्या डाव्या हाताशी खाटेच्या लाकडाला वाटी टांगली. एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीची घंटी. सकाळी तिला उभं करून दोरखंडाला हात लावून द्यायचे आणि म्हणायचे, "मास्तर, डबल बेल?" आई दोन टोले द्यायची. मग दोघे निघायचे. मधे दमली तर ती भिंतीवर एकदा बोटाने वाजवायची. बाबा थांबायचे, कितीही वेळ. पडवीत पोचायला पहिल्या वर्षी पंचवीस मिनिटं लागायची. मी एकदा म्हटलं, बाबा, उचलून नेलंत तर दोन मिनिटांत होईल. म्हणाले, "तिची गाडी आहे. मी नुसता चालवतोय."

दीड वर्षाने तिचा पहिला शब्द आला. पाणी.

'सुरंगी, घरी' आईला विचारायची गरजच पडली नाही, वही बघून तिनेच कपाटाकडे बोट दाखवलं. फाल्गुन-चैत्रात सुरंगी फुलते. कळ्या उन्हं चढायच्या आत खुडायच्या असतात, आणि तुमच्या त्या गावात देवळामागे एक झाड होतं. बाबा दरवर्षी एक वळेसर, म्हणजे गजरा, आणायचे, केळीच्या सोपट्यात गुंडाळून. सुरंगी सुकली तरी वास धरून ठेवते. आईच्या लुगड्यांच्या घड्यांमध्ये सत्तावीस सुकलेले वळेसर आहेत. मोजले.

'काळा दोरा, हिरवा नाही' हे मात्र अजून कुणालाच माहीत नाही.

तिकीटपेटी | ९ मे, सकाळी ९:००

आजोबा म्हणतात, काळा दोरा त्यांनाही आठवत नाही. आणि सुरंगीच्या झाडावर तो स्वतः चढायचा, पहाटे पाचला, बॅटरी तोंडात धरून. खाली चादर धरायचं काम यांचं.

निळी रिबीन | ९ मे, दुपारी २:२०

ताई, एक विनंती. पाऊस सुरू व्हायच्या आत आईंना घेऊन या. वस्तीची गाडी अजून येते. रात्री गावात आमच्या मामाकडे राहा, घर रस्त्याला लागून आहे, पायरी एकच. दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे आमच्या घरी चहाला. माझ्या आईला तुमच्या आईंना भेटायचं आहे. ती म्हणते, ज्या बाईने त्यांना रात्री-अपरात्री आमच्यासाठी सोडलं, तिला मी अजून बघितलेलं नाही.

पडवी | ९ मे, रात्री ८:१०

आईला विचारलं. तिने वाटी दोनदा वाजवली.

येतो. मी, भाऊ आणि आई. पण तिला चिखलातून चालता येणार नाही, होडीत चढणं तर फारच अवघड. आई म्हणते, खाडी लांबून बघेन.

होडीवाल्याचा नातू | ९ मे, रात्री ८:३५

लांबून कशाला? येत्या शुद्ध तृतीयेला संध्याकाळच्या गाडीने या. दुसऱ्या दिवशी चतुर्थी, तिसऱ्या प्रहरी तीनची भरती. अडीचला धक्क्यावर या, हाताच्या लाकडी खुर्चीत आईंना बसवा. आम्ही चौघे आहोत, खुर्चीसकट धक्क्यावरून सरळ होडीत घेऊ. साडेतीनच्या आत पलीकडे. पाण्याला पाय लागणार नाही.